दिपाली कुठं जाते

१० फेब्रुवारी, सोमवार

दिपाली आज माझ्याशी खोटं बोलली. आधीही बोलली असेल, पण मला कळलं ते आज.

सकाळी डबा घेऊन ती नेहमीसारखी लॅबला जाते म्हणून निघाली. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये ती चार वर्षं कामाला आहे. दुपारी माझी ड्युटी सुटली, तेव्हा माझ्या बायकोचा, जयाबाईचा शुगरचा रिपोर्ट घ्यायला मी तिथंच गेलो. म्हटलं, लेकीलाही भेटू. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दिपालीअक्का? त्यांनी पंधरा जानेवारीलाच सोडलं की काम. तुम्हाला म्हाईत न्हाय?"

मी म्हटलं, "व्हय व्हय, विसरलोच." रिपोर्ट घेतला आणि बाहेर आलो.

संध्याकाळी विचारलं, "आज काम लई हुतं काय गं?"

"रोजच्यासारखंच की, आप्पा." मेथी निवडत होती. मान वर केली नाही.

तीस वर्षं मी बेळगाव-निपाणी बस चालवतोय. आरशात नुसती मान बघून सांगतो, मागच्या सीटवरचा माणूस तिकीट न काढता उतरणार की नाही. आणि घरातली पोरगी महिनाभर डबा घेऊन कुठं जाते, ते मला दिसलं नाही. म्हणून ही वही. जे दिसेल ते लिहायचं. कुणाला बोलायचं नाही, जयाबाईलासुद्धा नाही.

१३ फेब्रुवारी

दिसलेलं लिहितो.

एक. स्कूटर दोन महिने झाकून ठेवली आहे. "पेट्रोल भरायचा कंटाळा येतो, बसनं बरं पडतं," म्हणते. याच स्कूटरसाठी कॉलेजात असताना दोन दिवस जेवली नव्हती.

दोन. तिच्या नडगीवर निळा डाग आहे. विचारलं तर "स्टुलाला लागलं." परवा कोपराजवळ दुसरा दिसला. तोही स्टुलालाच लागला काय? कोण हात टाकतंय काय पोरीवर?

तीन. दिवे लागायच्या आत घरी येते. संशय घ्यायला जागा नाही अशी एवढी एकच गोष्ट.

१९ फेब्रुवारी

शेजारच्या मालुबाईंनी गेटातच गाठलं. "रवळूअण्णा, तुमची दिपाली लई मोठी झाली बघा. काल किराणा दुकानापाशी मला खांद्यानं ढकलून गेली. हाक मारल्यावर म्हणती, 'अय्या, तुम्ही हुय!' आता मी काय मुंगी हाय दिसाया?"

मी हात जोडले. घरात आल्यावर दिपालीवर ओरडलो. माणसाला माणूस म्हणायची रीत गेली काय, असंही बोललो. ती रडत नव्हती, पण पाट्यासारखा चेहरा केला होता. जयाबाईच मधे पडली, "झालं गेलं, कशाला वाढवताय?"

जयाबाई माझ्या मामाची मुलगी. लहानपणापासून ओळखतो तिला. ती काही लपवत असली की पदर तोंडाला लावते. आज लावला होता.

२७ फेब्रुवारी

कोगनोळीच्या मारुतीरावांनी स्वतः फोन केला. त्यांचा मुलगा आदर्श कागलच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मारुतीरावांची आणि माझी ओळख वीस वर्षांची. त्यांच्या नाक्यावरच्या हॉटेलात माझा चहा ठरलेला असायचा. म्हणाले, "पोरं एकमेकाला बघू देत, मग आपण बसू."

मी जेवताना सांगितलं. दिपालीनं भात कालवलेला हात थांबवला. "नको आप्पा."

"बघितलंस तरी काय त्याला?"

"बघायचं न्हाय."

"कारण सांग एक."

"कारण न्हाय."

मी जयाबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "तिला नको तर राहू दे. घाई काय हाय?" मागच्या वर्षी हीच बाई पोरीच्या लग्नासाठी सोमवार धरत होती.

हल्ली मी स्वयंपाकघरात गेलो की दोघी बोलायच्या थांबतात. मग एकदम कांद्याचा विषय निघतो.

६ मार्च

आज सगळा उलगडा झाला.

माझा कंडक्टर भावकू गेल्या आठवड्यात संकेश्वरच्या गाडीवर होता. आज चहाला बसल्यावर बराच वेळ बशीशीच खेळत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, सांगू का नको असं झालंय. राग धरू नका."

"बोल."

"दिपालीला बगितलं मी. निपाणीत. एका माणसाबरोबर."

"कोण माणूस?"

"म्हाईत न्हाय. पन्नाशीचा आसंल. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, एकदम रुबाबात. आणि अण्णा, दिपालीनं त्याच्या दंडाला धरलं हुतं. भर रस्त्यात. मी 'दिपाली' म्हणून हात केला, तिनं बगितलं न बगितल्यासारखं केलं."

मी म्हटलं, दुसरी कोणी असेल. पण भावकू तिला ओळखायला चुकणार नाही. त्यानं तिला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली आहे.

पन्नाशीचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बायको असेल, पोरं असतील. आणि माझी पोरगी सव्वीस वर्षांची.

१२ मार्च, बुधवार

आजचंही लिहितो.

सव्वाअकराला गाडी निपाणी स्टँडवर लावली. उतरून डबा उघडणार, तेवढ्यात समोरून दिपाली आली. पिवळी ओढणी, खांद्याला पिशवी. ती चिक्कोडीच्या फलाटाकडून माझ्याच बाजूनं येत होती. मनात आलं, सापडली. आता पळेल, नाहीतर रडेल, काहीतरी सांगेल. मी जागचा हललो नाही. खाकी कपड्यात, माझ्याच गाडीच्या दाराशी, भर उन्हात उभा होतो.

ती माझ्या उजव्या हाताला वीतभरावरून गेली. ओढणी माझ्या बाहीला लागली. "सॉरी हं," असं म्हणाली. बापाला. आणि तशीच सरळ पुढं बघत निघून गेली, एखाद्या खांबाजवळून जावं तशी.

एवढं तिनं ठरवलं आहे तर. ओळख दाखवायची नाही.

संध्याकाळी घरी आली. "आप्पा, चहा टाकू?" मी म्हटलं, घेतलाय. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. इतकं तयार नाटक कुठं शिकली?

१७ मार्च

ती न्हाणीत होती. पिशवी खुर्चीवर. मी चेनला हात लावला. अर्धी उघडलीही.

मग बंद केली. ती आठवीत असताना तिची पहिली डायरी मला सापडली होती, तेव्हा न वाचता कपाटावर ठेवली होती. आज वाचायची वेळ आली असं वाटत होतं, पण हात गेला नाही. आपण चोर झालो तर तिला चोर कुठल्या तोंडानं म्हणायचं?

२४ मार्च

तवंदी घाटात चुकलो.

तिचाच विचार चालला होता. त्या काळ्या चष्म्याला कसं गाठायचं, काय बोलायचं. तिसऱ्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर समोर आला तेव्हा मी पलीकडच्या बाजूला होतो. ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली. एका म्हातारीची वांग्याची बुट्टी पुढच्या दारापर्यंत घरंगळत आली. पाच-सहा जण सीटवर आदळले. कुणाला लागलं नाही.

भावकूनं वांगी गोळा केली आणि केबिनजवळ येऊन हळूच म्हणाला, "अण्णा, ध्यान कुठं हाय?"

तीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. घरी सांगितलं नाही.

२ एप्रिल

आज सुट्टी. अनगोळच्या तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि एकेक गोष्ट मनात मांडून बघितली.

तो लग्न झालेला असला तर? दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा असला तर? तिनं गुपचूप लग्नच केलं असेल तर? पोटात काही असेल तर? तो तिला मारत असेल तर? दर वेळी स्वतःला विचारलं, मग काय, ती माझी नाही? दर वेळी पाय थांबले, आणि आतून एकच आलं. माझीच.

राग आहे. लई आहे. पण राग वेगळा आणि दार बंद करणं वेगळं. ते मला येणार नाही. ती जन्मली तेव्हा मी बदली ड्युटीवर होतो, कणकुंबीच्या पलीकडं पाऊस होता आणि गाडी बंद पडली होती. सात किलोमीटर चालत दवाखान्यात पोचलो तर तिनं माझं बोट धरलं आणि सोडायलाच तयार नव्हती. त्या दिवशी मी तिला काही अट घातली नव्हती. आता कुठली घालू?

जायचं. त्या माणसाला भेटायचं.

९ एप्रिल, बुधवार

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

रजा टाकली. खाकी घातली नाही. दिपाली नऊ पंचवीसच्या गाडीत पुढं बसली, मी मागच्या दारानं चढून शेवटच्या सीटवर. रुमाल तोंडाला बांधला होता. गरज नव्हती, तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

निपाणीला तो माणूस स्टँडवर आला नव्हता. ती एकटीच बाजारामागच्या गल्लीत गेली, भिंतीच्या कडेकडेनं, एक हात भिंतीला लावत. चोरासारखी, असं मला तेव्हा वाटलं. एका जुन्या दुमजली घराच्या जिन्यापाशी थांबली. वरून तो उतरला. काळा चष्मा. तिनं त्याचा दंड धरला आणि दोघं वर गेले.

समोरच्या टपरीवर मी साडेतीन तास बसलो. चार चहा. वर आणखीही दोन-तीन माणसं गेली, एक बाईही. हे काय चाललंय, मला काही समजेना. अडीच वाजता दिपाली उतरून स्टँडकडं गेली. ती वळणाआड गेल्यावर मी जिना चढलो.

दार उघडंच होतं. खोलीत अंधार, एप्रिलच्या उन्हाला खिडक्या लावून घेतलेल्या. बाहेरच्या उजेडातून गेल्यामुळं मला नुसती आकृती दिसली, टेबलामागं बसलेली. चष्मा तेव्हाही डोळ्यावर.

"कोण?" तो म्हणाला.

वाटेत जे पाठ केलं होतं ते सगळं मी एका दमात बोललो. "मी दिपालीचा बाप. रवळू गावडे. भांडायला आलो न्हाय. तुमची जात विचारणार न्हाय, धर्म विचारणार न्हाय. वयाचं बी सोडा. तिला तुम्हीच पायजे असाल तर मी आड येत न्हाय, मांडवात उभा राहीन. उद्या तुमचं पटलं न्हाय आणि ती एकटी परत आली, तर माझं घर तिचंच हाय. फक्त दोन गोष्टी करा. तिच्यावर हात उचलू नका. आणि तिला माझ्याशी खोटं बोलायला लावू नका. मला ते सोसत न्हाय."

तो उठला, टेबलाच्या कडेनं बोटं फिरवत पुढं आला आणि हात पुढं केला. माझ्याकडं नाही. मी होतो त्याच्या वीतभर डावीकडं.

"पावणं, आधी बसा. तुमच्या मागं खुर्ची असंल."

"लाईट तरी लावा," मी म्हटलं.

"बटन दाराच्या उजव्या हाताला हाय. लावा तुम्ही. मला लागत न्हाय."

मी लावला.

टेबलावर जाड कागद होते, त्यांवर छापील काही नाही, नुसते उठलेले ठिपके. कोपऱ्यात सहा-सात पांढऱ्या काठ्या उभ्या होत्या. भिंतीला आरसा नाही, कॅलेंडर नाही.

मी बसलो. नडगी. स्कूटर. मालुबाई. दिवे लागायच्या आत घरी. स्टँडवरची पिवळी ओढणी. "सॉरी हं."

"माझी दिपाली..." एवढंच बोलता आलं.

"ते तिनं सांगायचं," तो म्हणाला. "मी सांगणार न्हाय. मी श्रीनाथ. इथं शिकवतो. काठी, कॉम्प्युटर, वाचणं. एवढंच सांगू शकतो."

त्यानं माठातलं पाणी स्वतः आणून दिलं. एक थेंब सांडला नाही. मी उठताना म्हणाला, "तुम्ही आता जे बोललात, ते तिला सांगितलं तर चालंल?"

"नको," मी म्हटलं. "हसंल ती."

१० एप्रिल

काल परत येताना खिडकीपाशी बसलो होतो. घाटात डोळे मिटले. या रस्त्यावरचं प्रत्येक वळण माझ्या हातात आहे. दोन वळणं बरोबर ओळखली. तिसऱ्याला घाबरून डोळे उघडले.

आज डेपो मॅनेजरांकडं गेलो. म्हटलं, साहेब, मला गाडीवरून उतरवा.

ते चकित झाले. "रवळप्पा, एकतीस मेला रिटायर होणार तुम्ही. सात आठवडे राहिले. बिनअपघात तीस वर्षं. शेवटची ट्रिप हार घालून आणायची असते, मीच सांगून ठेवलंय." मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात, "पिणं सुरू केलं काय?"

"न्हाय साहेब. मन रस्त्यावर न्हाय. मागं साठ माणसं असतात."

त्यांनी माझ्या तोंडाचा वास घ्यायचा प्रयत्न केला, ते मला कळलं. घेऊ देत. मग सही केली. सोमवारपासून मी टाइमकीपरच्या टेबलावर.

१२ एप्रिल, शनिवार

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "मी आता गाडी चालवत न्हाय."

जयाबाईच्या हातातलं भांडं थांबलं. "का? काय झालं?"

"काय न्हाय. उतरलो. आता तुम्हाला काय सांगायचं असंल ते सांगा."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. म्हणजे जयाबाईनं बघितलं. दिपालीनं तिच्या दिशेनं तोंड वळवलं. हे मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

"श्रीनाथ सरांनी सांगितलं?" दिपालीनं विचारलं.

"त्यांनी काय बी सांगितलं न्हाय. मी गेलतो."

मग तिनं सांगितलं. शांतपणे, एखाद्या पेशंटला रिपोर्ट समजावून द्यावा तसं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. बाजूचं दिसणं हळूहळू जातं. आता तिला नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, अंधारात काहीच नाही. जानेवारीत लॅबमध्ये नमुन्यांचा ट्रे तिच्या हातून स्टूलवर आपटून पडला. कुणी काही बोललं नाही, तिनंच काम सोडलं. "कुणाचा तरी रिपोर्ट चुकायच्या आधी," म्हणाली.

"औषध?"

"न्हाय आप्पा. पुण्याच्या डॉक्टरांनाही विचारलं. म्हणून शिकून घेते, दिसतंय तोवर."

"पुणं? कधी गेलतीस?"

"मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून गेलतो की आम्ही, दोघी," म्हणताना जयाबाईनं पदर तोंडाला लावला.

मी ओरडलो. लिहायला लाज वाटते, पण ओरडलो. चार महिने मला घरात परका करून ठेवलंत, मी काय मेलो होतो काय.

जयाबाईसुद्धा चढ्या आवाजात बोलली. "सांगितलं असतं तर तुम्ही घाटात स्टेरिंग कसं धरलं असतं? मीच म्हटलं तिला, एकतीस मेपर्यंत दम काढ. पोर रोज सांगते, सांगते म्हणत हुती. मीच गप्प बसवली."

मला त्या ट्रॅक्टरची आठवण झाली. न सांगूनही तेच झालं होतं. ते मी तिला बोललो नाही.

दिपाली म्हणाली, "आणि आप्पा, हे आपल्या दोन्ही घरांतून येतं, असं डॉक्टर म्हणाले. आईचं आणि तुमचं घर एकच. ते ऐकल्यावर तुम्ही काय करून घ्याल, त्याची भीती वाटली."

माझी थोरली मावशी, म्हणजे जयाबाईची आत्या, दिवे लागल्यावर उंबरा ओलांडत नसे. आम्ही पोरं तिला भित्री म्हणायचो.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं? मी कुठं चुकले काय? तुम्ही समोर आलात आणि मला दिसला न्हाय, असं झालं काय कधी?"

"न्हाय," मी म्हटलं. "तसं कधी झालं न्हाय."

खोटं बोललो. या घरात आता तेवढं एकच राहू दे.

२० एप्रिल

कोगनोळीला जाऊन मारुतीरावांना सांगून आलो, दिपालीला आता लग्न करायचं नाही.

"दुसरीकडं कुठं ठरलंय काय?"

"न्हाय."

"मग कारण?"

"कारण तिचं हाय, मारुतीराव. तिला वाटलं तर ती सांगंल."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मी दोन महिने तिच्याकडं बघत होतो. त्यांच्या डोक्यात आता काय काय येत असेल ते मी ओळखू शकतो. येऊ दे. चहा घेऊन निघालो.

१ जून

काल रिटायर झालो. टेबलावरून उठलो, सही केली, भावकूनं आणलेला हार घातला. गाडी नव्हती. भावकू रडला, मी नाही रडलो. म्हणाला, "अण्णा, एक ट्रिप तरी मारायची हुती." त्याला सगळं खरं सांगितलं, दिपालीला विचारून. तो बराच वेळ नुसता "दंडाला धरलं हुतं, दंडाला धरलं हुतं," एवढंच म्हणत राहिला.

९ जून

तिच्याबद्दलचा संशय गेला आणि आता सगळ्या जगाचा येतो. महानगरपालिकेनं उघडं टाकलेलं गटार, उलट्या बाजूनं येणारी बुलेट, फुटपाथवरचं केळ्याचं गाडं. परवा वर्गापर्यंत तिच्या मागं मागं गेलो, वीस पावलांवरून. तिला कळणार नाही, असं वाटलं. गल्लीत थांबून ती न वळताच म्हणाली, "आप्पा, तुमची चप्पल डाव्या पायाला घासती. घरी जा."

रात्री जेवताना शांतपणे बोलली. "तुम्ही मागं असलात की मला रस्ता ऐकू येत न्हाय, तुम्हीच ऐकू येता. मग मी कधी शिकू?"



१६ जून, सोमवार

आजपासून ती श्रीनाथ सरांच्या वर्गात दोन नव्या मुलींना कॉम्प्युटर शिकवणार. पहिला दिवस, म्हणून मी निपाणीपर्यंत बरोबर गेलो. स्टँडच्या बाहेर यायचं नाही या अटीवर.

उतरल्यावर तिनं पिशवीतून काठी काढली, झटका देऊन लांब केली. लोक बघायला लागले. तिच्या मानेवर घाम आला होता. उन्हाचा नव्हता, मला ओळखू येतो.

"जाते," ती म्हणाली.

"जा."

ती फाटकातून बाहेर पडली. डावीकडं वळताना एका रिक्षावाल्यानं हॉर्न दिला आणि माझं पाऊल आपोआप उचललं गेलं. मी ते परत खाली ठेवलं. मग वळलो, रस्त्याकडं पाठ करून बाकावर बसलो आणि समोरच्या भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहिलो. पाठ असलेलं वेळापत्रक. संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लज. वर्ग चालत बारा मिनिटांवर आहे. वीस झाली. पंचवीस झाली. मागून ब्रेकचे आवाज येत होते. वळलो नाही.

एकतिसाव्या मिनिटाला फोन वाजला.

"पोचले."

"बरं."

"आप्पा, खरं सांगा. मागं आलाय काय?"

"न्हाय गं. स्टँडवरच हाय."

"जिन्याखाली उभं राहिलाय काय?"

"स्टँडवर हाय म्हटलं की."

तिचा विश्वास बसला नव्हता. मी फोन कानापासून काढला आणि हात वर करून धरला, वरच्या भोंग्याकडं. चिक्कोडीला जाणारी गाडी तीन नंबरच्या फलाटावर लागल्याचं आधी कन्नडमध्ये, मग मराठीत सांगितलं गेलं. शेंगावाला ओरडत गेला. सगळं होईपर्यंत तसाच धरून ठेवला. लोकांना वाटलं असेल, म्हातारा खुळा आहे.

कानाला लावला तेव्हा ती हसत होती.

"ऐकू आलं," म्हणाली. "आता चहा घ्या जावा. साखर कमी."